वाऱ्याचा मान

ज्या गोष्टीची समाजाला गरज उरत नाही तिची संस्था निघते, हा मानवी इतिहासाचा नियम आहे. विहिरी बुजल्या की जलजागृती मंडळ निघते, चिमण्या गेल्या की त्यांचा दिवस साजरा होतो, आणि घरातली माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली की संवादकौशल्याचे वर्ग सुरू होतात. पुण्याने सायकल सोडली, तेव्हा याच नियमाला धरून पुण्यात व्यावसायिक सायकलसंघ निघाले. एके काळी या शहरात प्राध्यापक, कारकून, गवळी आणि लग्न जुळवणारे गुरुजी असे सगळेच सायकलवरून जात. त्याला कोणी खेळ म्हणत नसे, कामावर जाणे म्हणत. पुढे देशाने आर्थिक दारे उघडली, त्यातून आधी हप्त्यावरची स्कूटर आत आली, मग मोटार आली, हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि सायकलवर बसायला पुण्याला पगारी माणसे ठेवावी लागली. अशा रीतीने एका फुकटच्या वाहनातून रोजगारनिर्मिती झाली, आणि याबद्दल शहराचे करावे तेवढे कौतुक थोडे आहे.

मांजरीचा मच्छिंद्र हा या पगारी माणसांपैकी एक. घरचा ऊस होता, त्यातल्या निम्म्या उसाच्या जागी आता बारा मजली इमारत उगवली होती, आणि मच्छिंद्र ती बांधणाऱ्याच्याच सायकलसंघात नोकरीला होता. बांधणारे संभाजीआप्पा वाघोलीचे. त्यांनी आपल्या आईच्या, म्हणजे कैलासवासी तुळजाबाईंच्या स्मरणार्थ 'तुळजाई वायुवेग' हा संघ काढला होता. (तुळजाबाई आयुष्यात कधी बैलगाडीपेक्षा वेगात गेल्या नव्हत्या, पण स्मरण कशाचेही करता येते.) या संघात मच्छिंद्र पाणक्या होता.

पाणक्या म्हणजे काय, हे सांगायला हवे. सायकलची शर्यत हा सांघिक खेळ आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते, आणि त्या थोड्यांत संघाचे मालक येत नाहीत. प्रत्येक संघात एक नायक असतो. बाकीचे पाणके. पाणक्याला दोन कामे. पहिले काम असे की मागून येणाऱ्या संघाच्या मोटारीपर्यंत रेंगाळायचे, पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात पुढेमागे कोंबायच्या, गरोदर बाईसारखे दिसत पुन्हा पुढे यायचे आणि नायकाला पाणी पाजायचे. दुसरे काम वारा खाण्याचे. सायकलवाल्याचा खरा शत्रू चढ नव्हे, समोरचा वारा. जो पुढे असतो तो वारा अंगावर घेतो, आणि त्याच्या चाकाला चाक लावून मागे बसलेला माणूस निम्म्या कष्टात तेवढाच पल्ला मारतो. म्हणून पाणके पुढे आणि नायक मागे. शेवटच्या वळणावर दमलेला पाणक्या बाजूला होतो, ताजातवाना नायक सुसाट निघतो आणि दोन्ही हात वर करून रेघ ओलांडतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नायकाचा फोटो येतो. त्यात कडेला पाणक्याचे कोपर येते.

मच्छिंद्रची अशी पुष्कळ कोपरे छापून आली होती. त्याची इच्छा एवढीच होती की एकदा, एखाद्याच शर्यतीत, रेघेपाशी आपल्या पुढे कोणाचे चाक नसावे. ही गोष्ट त्याने फक्त बायकोला सांगितली होती. बायको नंदा. तिची मांजरीत पिठाची गिरण होती आणि गिरणीच्या आवाजामुळे तिला थोडक्यात बोलायची सवय झाली होती. ती म्हणाली, मग जावे की पुढे. त्यावर मच्छिंद्रने तिला करार, शिस्त, नायक, मालक, बदली अशी सगळी व्यवस्था समजावून सांगितली. तिने ती पूर्ण ऐकून घेतली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा डबा जात्याच्या तोंडाशी लावला.

यातली बदली ही मोठी गमतीची व्यवस्था होती. शर्यतींचा हंगाम संपला की सायकलवाल्यांच्या बदल्यांचा हंगाम सुरू होई. मच्छिंद्रची तोवर तीनदा बदली झाली होती. पहिल्यांदा तो एका क्लासवाल्याच्या संघातून ('यशस्वी भव', विज्ञान शाखा) हडपसरच्या पाइपवाल्याकडे गेला; मोबदल्यात पाइपवाल्याने क्लासवाल्याला घाट चढणारा एक गडी दिला आणि गच्चीवरच्या टाकीची जोडणी करून दिली. दुसऱ्या बदलीचे मच्छिंद्रला स्वतःला तीन आठवड्यांनी कळले, तेही नव्या संघाने 'तू सरावाला का येत नाहीस' असे दरडावल्यावर. तिसऱ्यांदा तो आप्पांकडे आला, आणि त्यात काय दिले-घेतले गेले ते कोणी सांगितले नाही. मच्छिंद्रनेही विचारले नाही. किंमत जास्त निघाली तर अंगावर जबाबदारी येते आणि कमी निघाली तर रात्रीची झोप जाते, असा त्याचा हिशेब होता.

हिंजवडीच्या कंपन्या या खेळात उतरल्यावर बदल्यांना शास्त्रीय स्वरूप आले. संघ सोडणाऱ्या पाणक्याने नव्या पाणक्याला रीतसर ज्ञान हस्तांतरित करायचे, असा नियम झाला. मच्छिंद्रनेही एकदा पडद्यावर चित्रे दाखवून 'बाटली हातात देणे : आव्हाने आणि संधी' या विषयावर दोन तास ज्ञान हस्तांतरित केले होते. ज्यांना कोणताच संघ घेत नसे त्यांना बेंचवर ठेवत. बेंचवरच्या सायकलवाल्याने सायकल चालवायची नसे, कारण त्यात इजा होण्याचा धोका असतो. त्याने नऊ ते सहा कार्यालयात बसून उपलब्ध राहायचे असे. बेंचवर वर्ष काढलेला माणूस पुढे फार तर सायकलवर अभिप्राय देऊ शके. असे पुष्कळ जण आता प्रशिक्षक आहेत.

मग एका वर्षी अमेरिकेत बँका बुडाल्या, आणि त्यामुळे हिंजवडीत सायकली परवडेनाशा झाल्या. या दोन गोष्टींचा संबंध सामान्य माणसाला लागत नाही. म्हणूनच तो सामान्य राहतो. हिंजवडीची 'ऑर्बिवेद सिस्टिम्स' नावाची कंपनी होती, तिचा संघ होता 'ऑर्बिवेद पेडल्स'. कंपनीला खर्च कमी करायचा होता. इकडे वाघोलीत आप्पांच्या इमारती बांधून तयार होत्या आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हते; त्यांनाही खर्च कमी करायचा होता. तेव्हा दोन संघांचे विलीनीकरण करून एकच जोरदार संघ करावा, असे ठरले.

विलीनीकरण कसे करतात ते आप्पांना ठाऊक नव्हते. दोन घराणी एक करण्याची एकच रीत त्यांना माहीत होती, आणि तीत त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. म्हणून बैठक आप्पांच्याच मंगल कार्यालयात बोलावली गेली. सतरंज्या अंथरल्या, सुपारी फुटली, दोन्हीकडच्यांना फेटे बांधले. ऑर्बिवेदच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख उत्कर्षा मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. त्यांना वरपक्ष समजून आप्पांच्या बहिणीने ओवाळले. मॅडमनी ते कॉर्पोरेट संस्कृतीच्या वैविध्याखाली टिपून घेतले.

पहिला खल सदऱ्यावर झाला. छातीवर कोणाचे नाव? आप्पा म्हणाले, तुळजाईचे. आईला पाठीमागे टाकायचे नसते. मॅडमनी शांतपणे दाखवून दिले की संघ पुढे असेल तर मागच्या सगळ्यांना फक्त पाठ दिसते, म्हणजे खरी जागा पाठीवरची. हे पटताच आप्पांना पाठ हवीशी झाली. मग दोघांनीही पाठच मागितली. शेवटी पाठीचे उभे दोन भाग केले आणि छाती रिकामी राहिली, ती एका हिंगवाल्याला दिली.

दुसरा खल मनुष्यबळाचा. दोन संघांचे मिळून सोळा सायकलवाले होते, त्यातले आठ जास्तीचे निघाले. दोन संघांचे मिळून अकरा अधिकारी होते, ते चौदा झाले, कारण विलीनीकरण सांभाळायला तीन जास्त लागले. याला बचत म्हणतात. (ती कोठे झाली हे पाहू नये, बचत ही भावना आहे.)

बैठक खरी अडली ती नायकावर. ऑर्बिवेदचा नायक सार्थक हा कोथरूडचा. तो बेल्जियमला तीन आठवडे राहून आला होता आणि तेव्हापासून साध्या उतारालाही त्याला ग्रेडियंट दिसे. तुळजाईचा नायक दशरथ म्हणजे आप्पांचा सख्खा भाचा. पायांत रेड्याची ताकद, आणि तिचा अभिमानही तेवढाच. दोघांपैकी कोणालाही खाली बसवणे शक्य नव्हते, म्हणून दोघेही नायक ठरले. आता सहा पाणके आणि दोन नायक कसे चालतील, हे समजावे म्हणून मॅडमनी लॅपटॉपवर परदेशी शर्यतीचे चित्रण लावले. आप्पांनी ते आयुष्यात पहिल्यांदाच नीट पाहिले. आजवर ते शर्यतीला फक्त झेंडा दाखवायला आणि बक्षीस द्यायला जात. मधला भाग त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"ह्यातला मालकाचा गडी कुठला?" आप्पांनी विचारले.

मॅडमनी मागचा दाखवला.

"मागला?" आप्पा सतरंजीवरून अर्धे उठले. "म्हंजी इतकी वरसं आमचा दशरथ मागं अन् ह्यो मच्छ्या म्होरं? गाव बघत व्हतं की हे."

आप्पांचे बरोबरच होते. त्यांनी आयुष्यभर वरातीत, मिरवणुकीत, उद्घाटनाला, अंत्ययात्रेलासुद्धा पुढचाच मान घेतला होता. मागे चालतो तो मागचा. यात वाऱ्याचा काय संबंध, हे त्यांना कळत नव्हते, आणि वारा हा कोणत्याही मानपानात आजवर आडवा आला नव्हता. मॅडमही विचारात पडल्या. त्यांनी नेतृत्वावर एक निवासी शिबिर केले होते आणि त्यात पहिल्याच दिवशी शिकवले होते की नेता पुढे असतो. मागे बसलेला नेता ही संकल्पना त्यांच्या कोणत्याही तक्त्यात बसेना. तेव्हा वाघोलीची परंपरा आणि हिंजवडीचे व्यवस्थापनशास्त्र यांचे इतिहासात पहिल्यांदा एकमत झाले : नायकांनी पुढे राहावे, जोडीने, चाकाशेजारी चाक लावून, आणि पाणक्यांनी मागे.

सार्थकचा चेहरा उतरला. त्याने घसा खाकरून वाऱ्याच्या दाबाबद्दल काही सांगायला सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, तो ऑपरेशनल मुद्दा आहे, तो आपण नंतर ऑफलाइन घेऊ. दशरथलाही सगळे कळत होते. पण चार पाव्हण्यांत मिळालेला मान 'नको, मला वारा लागतो' म्हणून परत करणारा माणूस त्यांच्या घराण्यात जन्माला आला नव्हता. तेव्हा आप्पांनी सगळ्यांत जुना गडी म्हणून मच्छिंद्रकडे मान वळवली.

"मच्छ्या, तू बोल. म्होरं ऱ्हायाचा मान कुनाचा?"

मच्छिंद्रला खरे काय ते एका वाक्यात सांगता आले असते. पण त्याच क्षणी त्याला स्पष्ट दिसले की हे दोघे पुढे गेले तर आपण मागे बसणार, वारा ते खाणार, आणि घाटमाथ्यावर ताजे पाय आपले असणार. सात वर्षांत जे कष्टाने मिळाले नाही ते आता निव्वळ होकाराने मिळत होते.

"आप्पा, मान मालकाच्या मान्सांचा," तो म्हणाला. "आमी आपले मागं बरे."

बैठक हेलावली. आप्पांच्या बहिणीने पदराने डोळे टिपले, मॅडमनी 'परिपक्व' असा शेरा मारला, आणि आठ जणांच्या यादीत मच्छिंद्रचे नाव चर्चेविना कायम झाले. करारात एक कलम घातले गेले की मानाच्या जोडीच्या पुढे संघातल्या कोणीही चाक घालायचे नाही, घातल्यास त्याची जागा गेली असे समजावे. मच्छिंद्रने त्यावर आनंदाने सही केली. जिंकून आलेल्या माणसाला काय काढतात, असे तो मनाशी म्हणाला. त्याने आयुष्यात जिंकून आलेला पाणक्या कधी पाहिला नव्हता, त्यामुळे त्याचे काय करतात हे त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते.

नव्या संघाचे मुख्यालय हिंजवडीला झाले. सायकलवाल्यांनी रोज तेथे हजेरी लावायची. पण ऑर्बिवेदच्या आवारात सायकल आणायला मनाई होती, कारण फाटकावरच्या रखवालदाराकडे मोटारीचे आणि मोटारसायकलचे स्टिकर होते, सायकलचे नव्हते. स्टिकर नसलेले वाहन संशयास्पद समजावे असा आदेश होता. म्हणून देशातला एक अग्रगण्य सायकलसंघ रोज कंपनीच्या बसने कामावर जाऊ लागला. वाकडच्या पुलाखाली बस अडकली की खिडकीतून त्यांना भाजीवाले आणि गवंडी सायकलवरून पुढे जाताना दिसत. तीन महिन्यांत संघाचे सरासरी वजन वाढले. अहवालात ते 'वृद्धी' या सदरात दाखवले गेले. मच्छिंद्र मात्र पहाटे अंधारात उठून उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत थेऊरपर्यंत जाऊन येई. कोणाला सांगत नसे. नंदाला आवाजावरून कळे, पण ती विचारत नसे.

शर्यत 'पूर्व पुणे करंडक' होती. वाघोलीहून निघायचे, केसनंद, थेऊर, लोणी करत दिवे घाटाला भिडायचे आणि घाट चढून सासवडच्या अलीकडे रेघ. नायकांनी हेल्मेटवर फेटा बांधावा अशी आप्पांची इच्छा होती. पंचांनी ती नाकारली, तुऱ्यावर तडजोड झाली. झेंडा पडला आणि सार्थक व दशरथ डोक्यावर तुरे डोलवीत, जोडीने, सगळ्यांच्या पुढे निघाले.

त्या दिवशी समोरचा वारा भणाणत होता. इतर संघांचे साठेक सायकलवाले पहिल्या मैलातच काय ते समजले आणि हळूच या दोघांच्या मागे गोळा झाले. असा आडोसा कोणी फुकट देते का? प्रतिस्पर्धी संघांच्या मोटारींतून लोक या दोघांना हात जोडू लागले. नायकांना मागे जाता येत होते असे नव्हे. सार्थकने जरा पाय सैल सोडला की दशरथ अर्धे चाक पुढे दिसे, आणि दशरथ सैलावला की मागच्या मोटारीतून आप्पा कर्ण्यावर खाकरत. त्यामुळे दोघेही एकमेकांना मारत आणि साठ जणांना पोसत लोणीपर्यंत आले. रस्त्याच्या कडेच्या लोकांना ही शर्यत आहे हे बराच वेळ कळलेच नाही. त्यांना वाटले, कोणाचे तरी लग्न आहे.

सगळ्यांच्या मागे, वाऱ्यापासून सुरक्षित, मच्छिंद्र बसला होता. नायक मागे असतो तेव्हा त्याला काय वाटते, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. पाय आपोआप फिरत होते. आजूबाजूची शेते दिसत होती. शर्यतीत शेते असतात, हे त्याला माहीतच नव्हते. आजवर त्याने वारा आणि स्वतःचे पुढचे चाक एवढेच पाहिले होते.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर सार्थक आणि दशरथ एकदमच संपले. चेहरे राखेसारखे, तुरे वाकडे, आणि तरीही चाकाशेजारी चाक. इतर संघांचे गडी त्यांना वळसा घालून पुढे गेले. त्यांना कलम लागू नव्हते. मच्छिंद्रला होते. तेवढ्यात एका वळणावर उसाचा ट्रक आडवा झाला, संघाची मोटार त्याच्या मागे अडकली आणि मच्छिंद्रवर नजर ठेवणारे कोणी उरले नाही. त्याने दात आवळले आणि मानाच्या जोडीच्या पुढे चाक घातले.

माथ्यावर त्याने सगळा घोळका गाठला. पलीकडच्या सपाटीवर त्याच्यापुढे फक्त तीन जण होते, मग दोन, मग एक, आणि त्याच्याही कानाशी मच्छिंद्रचा श्वास वाजला आणि तोही मागे पडला. आता पुढे कोणाचेच चाक नव्हते. नुसता रस्ता होता, रस्त्यावर एक गतिरोधक होता आणि पलीकडे कापडी कमान होती. समोरून वारा येत होता. तो त्याने जन्मभर खाल्लाच होता, पण आज तो त्याचा स्वतःचा होता. मच्छिंद्रला हसू येत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होते. सुख म्हणतात ते एवढेच असेल, तर ते फार चांगले होते.

एवढ्यात बाजूला मोटार आली. ट्रक हटला होता. पुढची काच खाली झाली. आप्पा ओरडले नाहीत, रागावलेही नाहीत. शेजारच्या शेतातले पीक कसे आहे हे सांगावे तसे म्हणाले, "मच्छ्या, दशरथ मागं हाय."

मागच्या खिडकीतून उत्कर्षा मॅडम गोड हसल्या. "नो प्रेशर हं, मच्छिंद्र. जस्ट फ्लॅग करतेय."

थांब असे कोणीही म्हणाले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पुढे चौकशी झाली असती तर दोघेही निर्दोष सुटले असते. मच्छिंद्रला अजून पन्नास पावले जायचे होते. त्याच्या पायांत ताकद होती, मागचा माणूस दूर होता, आणि त्याला जिंकायचे होते. त्याच्या बोटांनी ब्रेक दाबला. त्याने स्वतः सांगितले म्हणून नव्हे. बोटांना तेवढी विचारपूस करायची सवयच राहिली नव्हती. सायकल थांबली. त्याने एक पाय जमिनीवर टेकला, सदऱ्यातून पाण्याची बाटली काढली आणि हात लांब करून उभा राहिला.

मागचा माणूस गेला. मग त्याच्या मागचे तिघे गेले, मग घोळकेच्या घोळके गेले. काही जणांनी जाताना त्याच्याकडे पाहिले, आणि पाहून नजर वळवली. बऱ्याच वेळाने सार्थक आणि दशरथ आले, बाटलीतले पाणी अर्धे अर्धे प्यायले आणि जोडीने रेघ ओलांडून गेले. त्यांच्या मागून संघाचे उरलेले पाच पाणके गेले आणि मग मच्छिंद्र गेला. त्याच्या मागे रेघ ओलांडायला कोणीच उरले नव्हते.

आणि टाळ्या पडल्या. शर्यत जिंकणाऱ्याला पडल्या नव्हत्या तेवढ्या पडल्या. सासवडचे, पुण्याचे, मोटारी लावून बघायला आलेले सगळे लोक उभे राहिले. हल्लीच्या काळात असा माणूस मिळतो का, याला म्हणतात संस्कार, असे ते एकमेकांना सांगू लागले. आप्पांनी स्वतःचा फेटा काढून मच्छिंद्रच्या डोक्यावर ठेवला आणि रडले. कलम मोडल्याबद्दल त्याला माफ केल्याचे त्यांनी तेथल्या तेथे जाहीर केले.

नंदा कमानीपाशी डबा घेऊन उभी होती. ती सकाळीच सहाआसनी रिक्षाने आली होती आणि तिने सगळे पाहिले होते. फेट्यातल्या नवऱ्याकडे ती थोडा वेळ बघत राहिली.

"म्होरं काय आडवं आलं व्हतं का?" तिने विचारले. "मला तर काय दिसलं न्हाई."

मच्छिंद्र म्हणाला, काही नव्हते. तिने डबा त्याच्या हातात दिला आणि गिरण बंद आहे म्हणून ती लगेच परत निघाली. घरी गेल्यावरही तिने तो विषय काढला नाही, आणि मच्छिंद्रला ती भांडली असती तर बरे झाले असते असे वाटत राहिले.

त्या वर्षी संघ शेवटून तिसरा आला. ऑर्बिवेदने मात्र या प्रसंगाचे मोल ओळखले. महिन्याभरात हिंजवडीच्या सभागृहात सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी 'आधी संघ, मग मी' असे सत्र झाले. चारशे तरुण माणसे वातानुकूलनात बसली होती. पहिल्या रांगेत अमेरिकेहून आलेले उपाध्यक्ष होते. व्यासपीठावर, फेटा बांधून, मच्छिंद्र होता. त्याने बोलायचे नव्हते. पडद्यावर त्याने ब्रेक दाबल्याचे चित्रण तीनदा, त्यातले एकदा सावकाश, दाखवण्यात आले.

मग उत्कर्षा मॅडमनी हसत हसत विचारले, "आता अगदी प्रामाणिकपणे सांगा हं. मच्छिंद्रच्या जागी मी असतो तर ब्रेक दाबलाच नसता, असं किती जणांना वाटतं?"

व्यासपीठावरून सगळ्यांचे चेहरे दिसतात, हे खाली बसणाऱ्यांना माहीत नसते. मच्छिंद्रला दिसले की चारशे मुंडकी एकदम, आवाज न करता, पहिल्या रांगेकडे वळली. उपाध्यक्ष खेळकर स्वभावाचे होते. त्यांनी हसून हात वर केला. तेव्हा चारशे हात वर गेले. एकही खाली राहिला नाही, आणि एकही त्यांच्या आधी गेला नाही. मच्छिंद्रला संताप आला. हे असले लोक आपल्याला हसणार, असे त्याला वाटले. मग मॅडम त्याच्याकडे पाहून टाळ्या वाजवायला लागल्या, तेव्हा त्याच्या लक्षात आले की आपलाही हात वरच आहे.

आपण हे वाचताना मनातल्या मनात हात वर केलाच असेल. करायलाच हवा, मी असतो तर थांबलो नसतो, असे प्रत्येकाला वाटते आणि ते वाटणे आरोग्याला चांगले असते. फक्त तो वर करण्याआधी आपण कोणाकडे पाहिलेत, तेवढे जरा आठवून पाहा.